आधी सचिनला जा!

संशोधकांना उद्योजक बनवणाऱ्या शिबिरांचे सध्या पीक आले आहे. पेटंटवर एक व्याख्यान, गुंतवणूकदारांपुढे पाच मिनिटांत काय बोलावे याची तालीम, शेवटी प्रमाणपत्र. माल घेणार कोण, हा प्रश्न बहुधा जेवणाच्या सुट्टीत निघतो.

सांडपाण्यातला रंग काढण्याचेच घ्या. आपल्या विद्यापीठांत यावर शोधनिबंधांचे ढीग आहेत. प्रयोग बहुतेकदा मिथिलीन ब्लू या रंगावर होतो: चंचुपात्रातले निळे पाणी तासाभरात नितळ झाले की निबंध तयार. आता सुरतजवळच्या सचिनला या. जंजिऱ्याच्या सिद्दींच्या एका शाखेचे हे जुने संस्थान. आज तिथे औद्योगिक वसाहत आहे. सुरतेचे कापड मुख्यतः पॉलिएस्टरचे. ते जेट मशिनमध्ये 130 अंशांच्या आसपास डिस्पर्स रंगांनी रंगते, आणि हे रंग पाण्यात जेमतेमच विरघळतात. साडीला मऊपणा यावा म्हणून कॉस्टिकने कापडाचे वजन उतरवतात. त्यातून टेरेफ्थॅलिक आम्लाचे क्षार पाण्यात येतात आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या डोक्याला खरा ताप होतो. चंचुपात्रात यातले काहीच नव्हते. खानदेशातून जाऊन सुरतेच्या मिलमध्ये राबणारा कुणीही कारागीर हे चहा पिता पिता सांगेल, पण त्याला विचारायला जातो कोण?

शिवाय सचिनमध्ये स्पर्धकही कळतो. 6 जानेवारी 2022 च्या पहाटे तिथे एका टँकरमधून नाल्यात रसायन सोडले गेले आणि विषारी वायूने सहा कामगारांचा जीव घेतला. प्रक्रियेपेक्षा रात्रीचा टँकर स्वस्त पडतो, म्हणून तर तो येतो. नव्या तंत्राला दराची टक्कर त्याच्याशी द्यायची आहे. हे गणित कुठल्याही सादरीकरणात दिसत नाही.

कंपनी न काढायला संशोधकांना नियमांची सबब आता चालणार नाही. नोकरीत राहून आपल्या शोधावरच्या कंपनीत भागीदारी घेण्याची मुभा केंद्राने सरकारी शास्त्रज्ञांना 2009 मध्येच दिली. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात 2007 पासून नवउद्योगांना आधार देणारे व्हेंचर सेंटर उभे आहे. उणीव आहे ती ग्राहकाकडे जाण्याची. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने 2011 मध्ये संशोधकांना उद्योजक बनवणारा आय-कोअर हा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा संशोधकांना अट घातली ती शंभर संभाव्य ग्राहकांना भेटून येण्याची. त्यात अनेकांना आपला शोध कुणालाच नको असल्याचे कळते. पैसे बुडण्याआधी कळते, हा फायदाच.

आपल्याकडे निदान एवढे करावे: सांडपाण्यावर कंपनी काढू पाहणाऱ्या संशोधकाने पंधरा दिवस सचिनच्या मिलमध्ये आणि प्रक्रिया केंद्रांत काढल्याशिवाय त्याला सरकारी अनुदानाचा अर्जच देऊ नये.