आजारपण कुणाचे, सेवा कुणाची?



गेल्या काही महिन्यांत आपल्या बैठकांमधले ओळखीचे चेहरे एकेक करून कमी होत चालले आहेत. चौकशी केली की उत्तरे साधारण ठरलेली असतात. "सासूबाईंना अर्धांगवायू झालाय, घर सोडता येत नाही." "ह्यांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा असतं." आणि अलीकडे तिसरेही उत्तर येऊ लागले आहे, "मलाच बरं नाही गं." 1975 च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षात ज्या पंचविशीत होत्या, 1980 साली मथुरा प्रकरणाच्या निकालाविरुद्ध ज्या रस्त्यावर उतरल्या, त्या आता पंचाहत्तरीच्या घरात आहेत. हुंडा, मारहाण, बलात्कार, परित्यक्तांचे प्रश्न यांवर आपण शिबिरे घेतली, मोर्चे काढले. म्हातारपण आणि दीर्घ आजार मात्र ज्याच्या त्याच्या घरचा मामला म्हणून राहून गेला. खरे तर 'घरचा मामला' म्हणून झाकलेले प्रश्न चव्हाट्यावर आणणे, हेच आपले काम होते.

आपल्या गटातल्या एका मैत्रिणीची हकिकत सांगते. वय अडुसष्ट. नवरा पक्षाघाताने चार वर्षे अंथरुणाला खिळलेला. पहाटे पाणी येते तासभर, तेवढ्यात भरणे आणि रात्रीच्या ओल्या चादरी धुणे उरकायचे. मग त्यांचे तोंड धुणे, लघवीची पिशवी रिकामी करणे, अंग पुसणे, पेज गाळून चमच्याने भरवणे. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. तिचे स्वतःचे गुडघे गेलेले, साखर वाढलेली. मुलगा परगावी, तो पैसे पाठवतो आणि सगळे त्याचे कौतुक करतात. हिला छातीत गाठ लागली तेव्हा तिने ती चार महिने कुणाला सांगितली नाही. का, म्हणून विचारले तर म्हणाली, "मी दवाखान्यात गेले तर ह्यांना उठवील कोण?"

हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. आपल्याकडे बाई बहुधा नवऱ्यापेक्षा वयाने लहान असते आणि त्याच्या मागे जगते. म्हणजे त्याच्या शेवटच्या आजारात सेवा करायला बायको असते, तिच्या आजारपणात तो नसतो. मग सून किंवा लेक नोकरी सोडते, एक बाई पलंगावर असते आणि दुसरी पलंगापाशी अडकते. दोघींमध्ये धुसफूस सुरू झाली की शेजारीपाजारी म्हणतात, "बाईच बाईची वैरीण." त्या घरातला पुरुष या म्हणीतून सहीसलामत सुटतो.

पलंगावरच्या बाईचे काय होते, तेही पाहिले पाहिजे. जन्मभर इतरांचे करत आलेल्या बाईला पाणी मागायचीही लाज वाटते. सुनेला सारखे उठवायला नको म्हणून ती पाणीच कमी पिते, आणि मग लघवीला जळजळ, ताप. तिच्या आजाराचे नाव तिला सोडून सगळ्यांना माहीत असते, कारण "आईला सांगू नका, ती धीर सोडेल." शस्त्रक्रिया करायची की नाही, घर विकायचे की नाही, तिने कुणाकडे राहायचे, हे सगळे पलीकडच्या खोलीत ठरते. कळ आली की तिला सोसायला सांगतात. पाळीपासून बाळंतपणापर्यंत तेच तर शिकवले! कर्करोगाच्या असह्य वेदनांवर मॉर्फिन हे उपयोगी आणि स्वस्त औषध आहे. ते रुग्णांना मिळणे सोपे व्हावे म्हणून 2014 मध्ये कायदाही दुरुस्त झाला. तरीही किती घरांना ते मागायचे असते हेच ठाऊक नसते.

केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत बिनमोल घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला 289 मिनिटे त्यात गेली, पुरुषांची 88. घरातल्या माणसांची देखभाल करणाऱ्या बायका 15 ते 59 वयोगटात 41 टक्के होत्या, पुरुष 21 टक्के. या आकड्यात साठीपुढची बाई नाहीच. आपली अडुसष्टची मैत्रीण रात्री दोन वाजता उठते, ते इथे मोजलेलेच नाही.

कायद्याचीही गंमत पाहा. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा 2007 चा कायदा मुलगा, मुलगी, नातू, नात यांच्यावर जबाबदारी टाकतो. त्यात सून नाही. पण हाताने करावे लागते ते बहुतेक तिलाच. आपल्या राज्यातल्या वृद्धांच्या निवृत्तिवेतन योजनेला नाव श्रावणबाळाचे. कावड उचलणाऱ्या मुलाचे नाव योजनेला मिळाले, भांडे उचलणारीचे कुठल्याच कागदावर नाही. या योजनेची रक्कम 2023 मध्ये महिना दीड हजार झाली. तेवढ्यात औषधे आणावीत की मोठ्यांचे डायपर? 2024 च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान योजनेत सत्तरीपुढच्या सर्वांना कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळण्याची तरतूद झाली, हे चांगलेच झाले. पण त्यासाठी रुग्णालयात भरती व्हावे लागते. तिथून घरी पाठवल्यानंतरची महिनोन्‌महिन्यांची सेवा पुन्हा बाईच्याच खात्यावर.

याला पर्याय नाही असे नाही. केरळने 2008 मध्ये वेदनाशामक सेवेचे धोरण केले. तिथे ग्रामपंचायतीमार्फत परिचारिका घरोघर जातात, जखमा बांधतात, घरच्यांना शिकवतात आणि गावातले स्वयंसेवक सोबत असतात. अंथरुणाला खिळलेला माणूस तिथे साऱ्या गावाचा मानला गेला. हे आपल्याकडे का होऊ नये? प्राथमिक आरोग्य केंद्रातून घरी येणारी परिचारिका, वस्तीत दिवसाची देखभाल केंद्रे, सेवा करणारीला भत्ता आणि हक्काची सुट्टी, या मागण्या आता आपल्या जाहीरनाम्यात आल्या पाहिजेत. मात्र नवे काम पुन्हा तुटपुंज्या मानधनावर आशाताईंच्या माथी मारून चालणार नाही. एका बाईचे ओझे उतरवून दुसरीच्या डोक्यावर ठेवणे, याला आपण सोडवणूक म्हणत नाही.

तोवर आपण काय करायचे? राहते घर मुलांच्या नावे करण्याची घाई करू नका. करायचेच असेल तर 'सांभाळ करील' ही अट बक्षीसपत्रात लिहून घ्या. अट मोडली तर 2007 च्या कायद्याखाली ते रद्द करून मागता येते. चरितार्थासाठी प्रांतांकडच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, वकील लागत नाही. आपल्यावर शेवटी कोणते उपचार व्हावेत, कोणते नकोत, हे लिहून ठेवण्याला सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्यता दिली आणि 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली. धडधाकट असतानाच ते लिहा आणि घरात वाचून दाखवा. मुलग्यांना आणि नातवांना कूस बदलायला, अंग पुसायला शिकवा. त्यासाठी बाईचा जन्म लागत नाही.

आणि गटांनी एवढे तरी करावे. बैठकीला कोण आले याची नोंद आपण ठेवतोच, कोण येईनाशी झाली याचीही ठेवू. दोघींनी तिच्या घरी जावे. एकीने पलंगापाशी बसावे, दुसरीने तिला घेऊन तपासणीला जावे. आमच्या त्या मैत्रिणीला आम्ही असेच दवाखान्यात नेले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, लवकर यायला हवे होते. सध्या तिच्यावर उपचार चालू आहेत. तिच्या नवऱ्याची कूस बदलायला आमच्यातल्या काहीजणी पाळीपाळीने जातात. मुलालाही बोलावणे धाडले आहे. पैसे पोचले, आता त्याने स्वतः यावे, असे कळवले आहे.

तुमच्या गावात, वस्तीत काय चालले आहे, ते आम्हाला जरूर लिहा.

— संपादक मंडळ