तिकीट कापू नका, आधी पत्र वाचा



टपाल तिकिटांच्या छंदाचा विषय निघाला की आपण मुलांना सहज सांगतो, "घरातली जुनी तिकिटं घेऊन या." काही वर्षांपूर्वी मीही वर्गात हेच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी एका मुलाने दहा-बारा तिकिटं आणली, वहीत नीट चिकटवली. मी शाबासकी दिली. संध्याकाळी त्याची आजी शाळेत आली. हातात जुनी आंतर्देशीय पत्रं, आणि प्रत्येक पत्राला एक चौकोनी भोक! आंतर्देशीय पत्रावर तिकीट छापलेलंच असतं आणि त्याच्या मागच्या बाजूला मजकूर लिहिलेला असतो. "माह्या भावाच्या हातचं होतं ते, गुरुजी," एवढंच ती म्हणाली. तिकिटासोबत भावाच्या ओळीही कापल्या गेल्या होत्या. चूक मुलाची नव्हती, माझी होती.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. हा उपक्रम एकट्या मुलाचा नको, सगळ्या कुटुंबाचा हवा.

बुलढाणा जिल्ह्यातल्या मुलांना दिल्लीच्या डाक भवनातलं राष्ट्रीय टपाल तिकीट संग्रहालय दाखवायला नेणं आपल्यापैकी किती जणांना जमेल? पण शाळेतली एक खोली एका दिवसापुरती संग्रहालय नक्कीच होऊ शकते. ९ ऑक्टोबरला जागतिक टपाल दिन असतो. त्याच्या जवळचा रविवार निवडा. नियम तीनच ठेवा:

१. पत्र घरातल्या मोठ्या माणसासोबतच येईल.
२. कात्री आणि डिंक खोलीबाहेर राहतील.
३. पत्रातलं काय सांगायचं आणि काय नाही, हे पत्राचा मालक ठरवेल.

मग मुलांना पाकीट वाचायला शिकवा. शिक्क्यावरून गाव आणि तारीख शोधू द्या. तिकिटाची किंमत आजच्या दराशी ताडून पाहू द्या. पत्र लिहिलं कोणी, मिळालं कोणाला, हे आजी-आजोबांनाच विचारू द्या. इतिहास, भूगोल, गणित, भाषा असे चार विषय एका पाकिटात सापडतात. नुसतं तिकीट कापून घेतलं की यातलं बहुतेक सगळं हरवतं.

सुट्या तिकिटांनाही जागा द्या, पण गोष्टीसकट. आपल्या सिंदखेड राजात जन्मलेल्या जिजाऊंचं तिकीट १९९९ साली निघालं. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ चं. त्यावर तिरंगा आणि 'जय हिंद', किंमत साडेतीन आणे. महर्षी कर्व्यांचं तिकीट त्यांच्या शंभराव्या वाढदिवशी, १८ एप्रिल १९५८ रोजी आलं, तेही ते हयात असताना! "जिवंत माणसाचं तिकीट का काढलं असेल?" हा प्रश्न वर्गात टाकून बघा. कर्व्यांवरचा धडा तिथूनच सुरू होईल.

काही पालक म्हणतील, "सर, मोबाईलच्या जमान्यात हे कशाला? परीक्षेत तर येत नाही." त्यांच्या माहितीसाठी सांगतो, टपाल खात्याने २०१७ मध्ये सहावी ते नववीच्या तिकीटप्रेमी विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ६,००० रुपयांची 'स्पर्श' शिष्यवृत्ती सुरू केली. आपल्या शाळेतल्या मुलांसाठी पोस्टात जाऊन जरूर चौकशी करा. पण खरं सांगू? मी शिष्यवृत्तीसाठी हे लिहीत नाहीये. आपल्या घरांतल्या पत्र्याच्या पेट्या दर दिवाळीच्या आवराआवरीत रिकाम्या होत आहेत. पत्रं रद्दीत जातात, चुलीत जातात. ज्या आजीला ती वाचून दाखवता येतात, तीही कायमची असणार नाही.

दिवसाच्या शेवटी प्रत्येक कुटुंबाने एक पोस्टकार्ड लिहावं आणि सगळ्यांनी मिळून गावातल्या लाल पेटीत टाकावं. मामाला, आत्याला, कोणालाही. मुलाच्या हातचं अक्षर कोणाच्या तरी घरी पोहोचू द्या.

आणि हो, मुलांना "तिकिटं आणा" असं सांगू नका. "आजीला घेऊन या" असं सांगा.