स्वतःला इजा करणारी मुले आणि आपले विहार

उल्हासनगरच्या कॅम्पांत, अंबरनाथच्या कारखान्यांभोवतीच्या चाळींत आणि बदलापूरच्या नव्या इमारतींत धम्मदीक्षा घेतलेली पुष्कळ कुटुंबे राहतात. वडीलधारी माणसे पहाटेची लोकल गाठतात व रात्री परततात. वाढत्या वयाचे मूल दिवसभर आपल्या दुःखाशी एकटे असते. अशा मुलाने स्वतःच्या देहाला इजा करून घेतली म्हणजे आईबाप आधी घराचे दार लावून घेतात. वकील या नात्याने माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न 'मूल बरे होईल काय' हा नसतो. 'पोलीस येतील काय' हा असतो.

त्यांना स्पष्ट उत्तर द्यावयास हवे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाचे कलम ११५ गृहीत धरते, आणि तिच्या शुश्रूषेचे, उपचारांचे व पुनर्वसनाचे कर्तव्य शासनावर टाकते. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली व जुन्या दंडसंहितेतील कलम ३०९ गेले. सरकारी नोकरावर दडपण आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा अपराध उरला. रुग्णालयाने पोलिसांस कळविले, तर तेवढ्याने मूल आरोपी होत नाही. म्हणून जखम लपवून दवाखाना टाळू नये.

दुसरे भय धर्माचे आहे, आणि ते आपणच निर्माण करतो. 'प्राणिहिंसा न करण्याचे शील घेतलेस ना? मग हे काय केलेस?' असे मुलास विचारणारे उपासक मी पाहिले आहेत. शील हे मुलाच्या पाठीवर मारावयाची छडी नव्हे. याउलट काही घरे, बावीस प्रतिज्ञा घेऊनही, रात्री गुपचूप भगताकडे जातात. भूत उतरविण्याच्या नावाखाली मुलास बांधणे वा मारणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अपराध आहे.

विनयपिटकात वैशालीची एक हकीकत आहे. देहाच्या अशुभतेची भावना करता करता काही भिक्खूंना स्वतःच्या देहाची घृणा आली आणि त्यांचे प्राण गेले. एकांतवासातून परतलेल्या भगवंतांनी संघ विरळ का दिसतो, असे आनंदास विचारले. कारण कळताच त्यांनी सर्वांना एकत्र बोलावून आनापानसती शिकविली. शिकवणीने माणसे खचली, तेव्हा शास्त्याने शिकवण बदलली! त्या प्रसंगी घातलेल्या नियमात पुढे भर पडली आणि दुसऱ्यास मरणास प्रवृत्त करणाऱ्या भिक्खूलाही संघात स्थान उरले नाही. 'मेलास तर सुटू' असे रागाच्या भरात बोलणाऱ्या घरांनी हा नियम वाचावा.

मग विहाराने करावे काय? मुलाची जखम कोणी पाहू नये, सभेपुढे त्याच्याकडून कबुली वा शपथ घेऊ नये. महिला मंडळातील एखाद्या जाणत्या बाईने रोज अर्धा तास त्याच्याजवळ बसावे. ग्रंथालयाचे किंवा वंदनेच्या तयारीचे एखादे काम त्याच्यावर सोपवावे. डोळे मिटून एकटे बसणे प्रत्येक दुखावलेल्या मुलास मानवते असे नाही. ध्यान डॉक्टरांना विचारूनच द्यावे. औषध विहार देत नाही. रुग्णालयापर्यंत सोबत देतो. फलकावर वंदनेच्या वेळेखाली १४४१६ हा आकडा लिहावा. 'टेलि-मानस'ची ही विनामूल्य सेवा २०२२ पासून रात्रंदिवस चालते, आणि तेथे मराठीत बोलता येते.

एक काम मात्र मैत्रीभावनेवर सोपवू नये. वर्गात जातीवरून झालेला अपमान मुलाच्या दुःखाचे मूळ असेल, तर 'क्षमा कर' एवढे सांगून विहाराने मोकळे होऊ नये. मूल सावरत असताना त्याला वारंवार तीच हकीकत सांगावयास लावू नये. पालकांनी ती एकदा नीट लिहून ठेवावी आणि १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तक्रार द्यावी. 'तुम्ही बौद्ध झालात, आता अनुसूचित जातीचे कसे?' असे शाळेत वा ठाण्यात कोणी म्हटलेच, तर अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश करणारी १९९० ची दुरुस्ती त्याच्यापुढे ठेवावी.