दर्शनाची हमी

फाल्गुन-चैत्राचे दिवस आले की शहरातील सुशिक्षित कुटुंबांस कोकण किनाऱ्याची ओढ लागते. हरिहरेश्वरापासून मालवणापर्यंत मोटार हाकावयाची, वाटेत वेळासची कासवे, हर्णैजवळचे डॉल्फिन आणि मालवणचे प्रवाळ पाहावयाचे व चौथ्या दिवशी घरी परतावयाचे, असा बेत घरोघरी आखला जातो. बेत उत्तम आहे. आमचे भांडण आहे ते या बेतात हळूच शिरलेल्या एका शब्दाशी. तो शब्द म्हणजे ‘हमी’. डॉल्फिन दिसण्याची हमी. न दिसल्यास पैसे परत! नाटकाचे तिकीट काढणारास नाटक पाहण्याचा हक्क प्राप्त होतो, हे खरे; परंतु समुद्राने असा करार कोणाशी केला आहे?

या हमीचा अर्थ काय होतो, ते पाहावे. ज्याला आपण सर्रास ‘डॉल्फिन मासा’ म्हणतो, तो मुळी मासाच नव्हे. तो आपल्यासारखाच सस्तन प्राणी आहे; पिलास दूध पाजतो आणि श्वास घेण्यासाठी त्यास वारंवार पाण्यावर यावे लागते. त्याची पाठ पाण्याबाहेर दिसली की आपण टाळ्या पिटतो. वस्तुतः तो बिचारा बहुधा केवळ श्वास घेत असतो. नेमक्या त्याच जागी चार होड्या चार दिशांनी धावून जातात. भक्ष्य आणि सोबती तो आवाजाच्या आधाराने हुडकतो. आणि आपण त्याच्या डोक्यावर यंत्रांची घरघर चालू ठेवतो. दोष नावाड्यास देणे सोपे आहे. पण न दिसल्यास भाडे बुडणार, अशी ज्याची स्थिती आपणच करून ठेवली, त्याने पाठलाग करू नये तर काय करावे? पाठलागाची किंमत मोजणारा मागल्या फळीवर बसलेला असतो.

मालवणची कथा निराळी नाही. तेथील सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झाले. प्रवाळ म्हणजे रंगीत दगड नव्हे. ती असंख्य सूक्ष्म जीवांची वसाहत होय. त्यांवर पाय ठेवून छायाचित्र घेणारास आपण जिवंत प्राण्यांवर उभे आहोत, याची जाणीवही नसते. नांगराच्या एका फटकाऱ्याने मोडलेले प्रवाळ पुन्हा वाढावयास कित्येक वर्षे लागतात. आणि आपली सहल तर चारच दिवसांची!

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, प्रवाशांमुळे गावकऱ्यांच्या हाती दोन पैसे पडतात. दुसरा असा की, जे पाहिलेच नाही त्यावर माणसाने प्रेम कसे करावे? दोन्ही आक्षेप आम्हांस मान्य आहेत. मात्र त्यांतून हमीचे समर्थन निघत नाही. याला पुरावा नाना फडणविसांच्या वेळासचाच. तेथे पूर्वी कासवांची अंडी उकरून नेली जात. 2002 साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने गावकऱ्यांस हाताशी धरून संरक्षणाचे काम आरंभिले आणि 2006 पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. अंडी कुंपणात पुरून ठेवतात. सुमारे पन्नास-साठ दिवसांनी पिले वर येतात. किती येतील व केव्हा येतील, हे वाळूच्या उष्णतेवर अवलंबून; पाहुण्यांच्या रजेवर नव्हे. कधी टोपली उचलली तर खाली काहीच नसते. तरीही घरोघरी पाहुणे उतरतात आणि गावास मिळकत होते. म्हणजे हमीवाचून पोटही भरते आणि प्रेमही जडते. रिकामी टोपली पाहून जे कुरकुरत परततात, ते समुद्र पाहावयास नव्हे, वसुली करावयास आलेले असतात.

2021 साली ओडिशाच्या किनाऱ्यावर एका कासविणीच्या पायास खुणेचा बिल्ला लावला होता. तीच 2025 च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यावर! ती कोणाच्या तिकिटावर आली नाही, आणि आपण येण्याची हमीही तिने कोणास दिली नव्हती. तिचे येणे अद्भुत वाटते ते म्हणूनच.

तेव्हा वाचकांनी किनाऱ्यावर अवश्य जावे. मात्र होडीत बसण्यापूर्वी नावाड्यास दोन गोष्टी स्वच्छ सांगाव्यात: डॉल्फिन दिसला तर यंत्र बंद कर व दूर थांब, आणि न दिसला तरी तुझे भाडे पुरते मिळेल. वेळासच्या वाळूत रात्री दिवे नाचवू नयेत. उजळ क्षितिज हेच समुद्र मानून चालणारी पिले त्या उजेडाने वाट चुकतात. मुलांनी विचारले, ‘आज काहीच कसे दिसले नाही?’ तर त्यांस खरे उत्तर द्यावे की, हे घर त्यांचे आहे. आज ते बाहेर आले नाहीत. हे उत्तर ज्या मुलास पटले, त्याची सहल फुकट गेली असे आम्ही तरी म्हणणार नाही.