विश्लेषण : सबमिशनची फाइल आणि आंब्याची पेटी एकाच पंधरवड्यात का येते?

एप्रिलचा उत्तरार्ध सुरू झाला की रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या सागरी मार्गावर गर्दी वाढते. आरे-वारेच्या चढावर गाड्या थांबतात, कारण तिथून समुद्र आणि किनारे एका नजरेत दिसतात. त्याच रस्त्याने सकाळच्या एसटीने शहराकडे निघालेल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचे मात्र समुद्राकडे लक्ष नसते. मांडीवरच्या पिशवीत पाच विषयांच्या फाइल असतात आणि त्यातल्या तीन अपूर्ण असतात. ‘सत्रभर काय केले?’ हा घरचा आणि प्राध्यापकांचा नेहमीचा प्रश्न. तो योग्यच आहे. पण तो केवळ विद्यार्थ्याला विचारून भागणार नाही.

सबमिशन म्हणजे नेमके काय?

अभियांत्रिकीच्या प्रत्येक विषयात लेखी परीक्षेपलीकडे ‘टर्मवर्क’ असते. प्रयोगशाळेत केलेले प्रयोग, त्यांची नोंद, असाइनमेंट आणि हजेरी यांवर हे गुण मिळतात. मुंबई विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात बहुतेक विषयांना लेखी परीक्षेचे ८०, अंतर्गत चाचण्यांचे २० आणि त्याशिवाय प्रयोगशाळेच्या टर्मवर्कचे २५ गुण असा साचा होता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आता आराखडे बदलत आहेत, तरी टर्मवर्कची कल्पना कायम आहे. नावातच अर्थ आहे : टर्मभर केलेले काम.

प्रत्यक्षात हे काम सत्राच्या शेवटच्या दोन आठवड्यांत कागदावर उतरते. त्या पंधरवड्याला विद्यार्थी ‘सबमिशन’ म्हणतात. प्रयोग लिहायचे, आलेख चिकटवायचे, अनुक्रमणिका भरायची, प्रत्येक पानावर सही घ्यायची आणि शेवटी प्रमाणपत्रावर शिक्का. त्यानंतर तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षा, मग ‘पीएल’ म्हणजे अभ्यासाची सुट्टी आणि मग लेखी परीक्षा. फाइलवर सही नसेल तर तोंडी परीक्षेच्या दारातच अडते. म्हणून या दिवसांत अभ्यास मागे पडतो आणि सही पुढे येते.

साधा हिशेब काय सांगतो?

एका तुकडीत ६० विद्यार्थी आणि एका विषयाचे १० प्रयोग धरले, तर एका प्राध्यापकापुढे ६०० नोंदी येतात. त्या शेवटच्या १२ कामाच्या दिवसांत तपासायच्या तर रोज ५० होतात. तास, प्रात्यक्षिके आणि परीक्षेची कामे सांभाळून रोज ५० नोंदी वाचणे अशक्य आहे. म्हणून त्या वाचल्या जात नाहीत. पान उलटते, सही होते. याच ६०० नोंदी सत्राच्या १५ आठवड्यांत वाटल्या तर आठवड्याला ४० होतात आणि त्या वाचता येतात.

विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिले तर पाच विषयांचे ५० प्रयोग, प्रत्येकी पाच-सहा पाने, म्हणजे अडीचशे ते तीनशे पाने. बारा दिवसांत ती लिहायची तर रोज वीस ते पंचवीस पाने. एवढ्या वेगात विचार करून लिहिता येत नाही, फक्त उतरवून काढता येते. वर्गात एकाची फाइल पूर्ण असते. तिचे फोटो रात्री व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर येतात आणि सकाळी साठही जणांच्या फाइलमध्ये तेच वाचन, तीच चूक आणि तोच निष्कर्ष दिसतो.

काम शेवटी का साचते?

आळस हे एक कारण आहेच, पण ते एकमेव नाही. आठव्या आठवड्यात लिहिलेल्या प्रयोगाला आणि पंधराव्या आठवड्यात उतरवलेल्या प्रयोगाला गुण सारखेच मिळत असतील, तर आधी लिहिणाऱ्याचा फायदा काय? विद्यार्थी हे पहिल्याच सत्रात शिकतो. मधल्या काळात अंतर्गत चाचण्या, मिनी प्रोजेक्ट, कॉलेजचा महोत्सव आणि प्लेसमेंटची तयारी असते. ज्याची तारीख जवळ ते काम आधी होते. फाइलची तारीख सगळ्यात शेवटी, म्हणून फाइलही शेवटी.

दुसरे कारण महाविद्यालयाच्या बाजूचे आहे. भारत २०१४ मध्ये ‘वॉशिंग्टन अॅकॉर्ड’चा स्थायी सदस्य झाला. अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या देशांचा हा करार. त्यानंतर विद्यार्थी काय शिकला हे मोजून दाखवण्यावर भर वाढला. हेतू चांगला होता. पण मोजमाप दाखवायचे तर पुरावा हवा आणि सर्वांत सोपा पुरावा म्हणजे कागद. मूल्यांकन समिती येते तेव्हा विद्यार्थ्याच्या डोक्यात काय आहे हे टेबलावर मांडता येत नाही, फाइल मांडता येते. शिकल्याची खूण म्हणून सुरू झालेली फाइल हळूहळू शिकण्याच्या जागी येऊन बसली. यात प्राध्यापकही अडकले आहेत. शिकवण्याच्या वेळेतून त्यांना तक्ते भरायला वेळ काढावा लागतो.

रत्नागिरीत अडचण वेगळी का?

फार मागे न जाता पाहिले तरी रत्नागिरीच्या मुलाला अभियांत्रिकीसाठी घर सोडावे लागत असे. सांगलीचे वालचंद १९४७ चे, कराडचे शासकीय महाविद्यालय १९६० चे, नाहीतर मुंबई-पुणे. १९९६ मध्ये रत्नागिरीच्या एमआयडीसीत फिनोलेक्स अकादमी सुरू झाली, त्यानंतर देवरुखजवळ आंबवला आणि खेड तालुक्यात लवेलला महाविद्यालये आली. अलीकडे रत्नागिरीत शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही झाले. आरे, वारे, नेवरे, काळबादेवी या गावांतला विद्यार्थी आता घरी राहून शिकू शकतो. हा मोठा बदल आहे. विशेषतः ज्या घरांतून मुलीला वसतिगृहात पाठवायला तयारी नव्हती, तिथे त्याने वाट उघडली.

पण घरी राहणे म्हणजे घरच्या हंगामातही असणे. सम सत्राचा शेवट एप्रिल-मेमध्ये येतो आणि हापूसचा भर त्याच दिवसांत असतो. मोठ्या बागांत नेपाळी कामगार असतात. दहा-वीस कलमांच्या घरात मात्र घरचीच माणसे. ऊन चढायच्या आत झेल्याने आंबा उतरवायचा, देठ सांभाळायचा, नग निवडायचे, पेटी भरायची आणि गाडीच्या वेळेआधी ती रस्त्यावर पोहोचवायची. जोडीला मे महिन्यात पर्यटक. कोणाकडे राहण्याच्या दोन खोल्या असतात, कोणाची खानावळ असते.

अशा घरातल्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा दिवस पहाटे बागेत सुरू होतो, आठच्या सुमारास एसटीत येतो, दुपार सहीच्या रांगेत जाते आणि रात्री अकराला तो फाइल उघडतो. घरचे ‘तू अभ्यास कर रे’ म्हणतात, पण वडील एकटेच पेट्या बांधताना दिसले की कोणता मुलगा खोलीत बसून राहील? मुलीची गोष्ट आणखी अवघड. तिच्या वाट्याला आंबाही येतो आणि स्वयंपाकघरही. वसतिगृहातल्या मित्राकडे रात्र मोकळी असते, हिच्याकडे नसते. फाइल मात्र दोघांची एकाच तारखेला तपासली जाते.

मग वेळापत्रकच बदलावे का?

ही मागणी अधूनमधून ऐकू येते, पण ती टिकणारी नाही. मुंबई विद्यापीठाचा पसारा पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत आहे. रत्नागिरीच्या आंब्यासाठी परीक्षा हलवली तर दुसऱ्या जिल्ह्याचा हंगाम आडवा येईल. शिवाय आंबा कोणाच्या तारखेसाठी थांबत नाही, पाऊस तर नाहीच. परीक्षेची तारीख हलवण्यापेक्षा परीक्षेआधीचे ओझे सत्रभर वाटणे सोपे आणि न्याय्य आहे. ज्याच्या घरी हंगाम नाही, त्याचाही त्यात फायदाच आहे.

चॅटजीपीटीने काय बदलले?

पूर्वी थिअरी मोठ्या वर्गातल्या विद्यार्थ्याच्या फाइलमधून उतरायची, आता ती मोबाइलमधून येते. एका ओळीच्या सूचनेवर प्रयोगाचा उद्देश, कृती आणि निष्कर्ष तयार मिळतो. यावर अनेक ठिकाणी उपाय निघाला तो ‘हाताने लिहा’ असा. त्यामुळे यंत्राने लिहिलेला मजकूर माणूस रात्रभर हाताने उतरवतो. श्रम सगळे शिल्लक राहतात, विचार तेवढा गळून जातो.

हाताने लिहिण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. आकृती हाताने काढली की ती लक्षात राहते. वाचने स्वतः नोंदवली की उपकरण कुठे चुकते ते कळते. लेखी परीक्षाही हातानेच लिहायची असते. पण हे सारे प्रयोगाच्या टेबलावर, प्रयोग सुरू असताना लिहिले तर खरे. दोन महिन्यांनी दुसऱ्याच्या पानावरून उतरवलेल्या वाचनाला यातले काहीच लागू होत नाही.

उपाय कोणाच्या हातात आहे?

टर्मवर्कचे गुण महाविद्यालयातच दिले जातात. लेखी परीक्षेची तारीख बदलायला विद्यापीठ लागते, प्रयोगाची नोंद त्याच आठवड्यात तपासायला विद्यापीठाची परवानगी लागत नाही. तीन गोष्टी येत्या सत्रापासून करता येतील.

एक, प्रयोगाची सही पुढच्या प्रात्यक्षिकाच्या आत. उशीर झाला तर त्या प्रयोगाचा एखादा गुण कमी, इतकेच. आजारपण किंवा घरची अडचण असेल तर एका आठवड्याची सवलत.

दोन, पुस्तकातली थिअरी लिहून घेणे बंद. प्रत्येक प्रयोगाचे दोनच पान : स्वतःची वाचने व आलेख एका बाजूला आणि ‘काय चुकले, का चुकले’ हे दुसऱ्या बाजूला. चूक सहसा उतरवता येत नाही, कारण ती ज्याची त्याची असते.

तीन, सही करण्याआधी टेबलाजवळ दोन मिनिटांचा प्रश्न. वीस जणांच्या बॅचला चाळीस मिनिटे लागतील. दोन तासांच्या प्रात्यक्षिकात ती काढता येतात. विद्यार्थ्याला समजले की नाही, हे तीनशे पाने चाळण्यापेक्षा या दोन मिनिटांत अधिक कळते.

हे करणारे प्राध्यापक आजही आहेत. त्यांच्या विषयाची फाइल सर्वांत बारीक असते आणि तोंडी परीक्षेत त्याच विषयाची भीती सर्वांत कमी असते. अडचण एवढीच की हे त्यांच्या स्वभावावर सोडलेले आहे. तो विभागाचा नियम व्हायला हवा.

आणि प्रकल्पाचे काय?

सत्रअखेरीच्या घाईचा सर्वांत मोठा फटका प्रकल्पाला बसतो. वेळ उरला नाही की तयार प्रकल्प विकत घेतला जातो : तेच सेन्सर, तोच बोर्ड, तोच अहवाल, फक्त नावे नवी. चार वर्षांत स्वतःचा प्रश्न शोधण्याची एकच हक्काची जागा असते आणि तीही अशी जाते.

आरे-वारेच्या विद्यार्थ्याला प्रश्न शोधायला लांब जावे लागत नाही. हापूसमधला ‘साका’ फळ कापेपर्यंत दिसत नाही. फळ न कापता तो ओळखता येईल का, हा इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर या दोन्ही शाखांचा प्रश्न आहे. जुलै २०२५ मध्ये आरे-वारेच्या समुद्रात एकाच कुटुंबातील चौघे बुडाले. भरती-ओहोटीच्या कोणत्या टप्प्यावर, किनाऱ्याच्या कोणत्या भागात पाणी आत ओढते, याच्या वर्षभराच्या नोंदी आणि त्यावरून लावायचे फलक हा सिव्हिलचा प्रकल्प होऊ शकतो. सबमिशन संपल्यावर मोटारसायकली काढून याच किनाऱ्यावर येणाऱ्या मुलांनाही त्या नोंदींचा उपयोग होईल. पेटी बांधण्याचा वेळ कसा वाचेल, हा मेकॅनिकलचा प्रश्न तर घरच्या अंगणातच आहे.

राज्यातल्या नव्या शैक्षणिक आराखड्यात फील्ड प्रोजेक्ट आणि समाजाशी जोडलेल्या कामाला श्रेयांक आहेत. ते कागदावर भरून काढायचे, की खरोखर गावातल्या कामाला द्यायचे, हे महाविद्यालयाने ठरवायचे आहे. बागेत घालवलेल्या पहाटेचे गुण कोणी मागत नाही. पण त्या पहाटेतून निघालेला प्रश्न तपासला, मोजला आणि मांडला, तर तो विकतच्या प्रकल्पापेक्षा नक्कीच जास्त अभियांत्रिकी आहे.

साका झालेला आंबा पेटीत इतर आंब्यांसारखाच दिसतो. रंग तोच, वासही तोच. घेणाऱ्याला कळते ते सुरी लावल्यावर. शेवटच्या पंधरवड्यात भरलेल्या फाइलचेही तसेच आहे. ती नोकरीच्या पहिल्या मुलाखतीत कापली जाते आणि तेव्हा तोटा सही करणाऱ्याचा होत नाही. तो होतो आरे-वारेहून रोज एसटीने आलेल्या मुलाचा आणि त्याच्या फीसाठी पेट्या भरणाऱ्या घराचा.