ज्येष्ठांच्या वसाहतीत घर : किंमत एकदाच, खर्च मात्र दर महिन्याला

पुणे : पोरगा हिंजवडीत नाहीतर परदेशात, गावाकडं आई-वडील दोघंच. अशा घरांत हल्ली पुण्यातल्या ज्येष्ठांसाठीच्या वसाहतींचा विषय निघू लागला आहे. पाषाण, बावधन, हडपसर भागातले ‘अथश्री’सारखे प्रकल्प अनेकांना ऐकून माहीत आहेत. पण त्यासाठी वावर विकायचं असेल, तर आधी पूर्ण हिशेब मांडायला हवा.

ही वसाहत म्हणजे वृद्धाश्रम नव्हे. इथं स्वतंत्र फ्लॅट असतो आणि जेवण, साफसफाई, नर्स, ॲम्ब्युलन्स अशा सोयी पैसे भरून मिळतात. काही ठिकाणी फ्लॅट विकत घ्यावा लागतो, काही ठिकाणी डिपॉझिट भरून राहता येतं.

समजा, फ्लॅट ६० लाखांचा आहे. पुणे शहरात मेट्रोच्या अधिभारासह मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. खरेदी बाईमाणसाच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत मिळते. नोंदणी फी वेगळी. बांधकाम चालू असेल तर जीएसटीही लागतो.

खरी मेख आहे ती महिन्याच्या खर्चात. मेंटेनन्स आणि जेवण मिळून दोघांचे आज २५ हजार धरले आणि दरवर्षी ८ टक्के वाढ झाली, तर नऊ वर्षांत तोच आकडा ५० हजारांवर जातो. पेन्शन किंवा ठेवीचं व्याज त्या वेगानं वाढत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी चोवीस तासांची बाई ठेवली, तर तो खर्च सहसा वेगळा असतो. दवाखान्याचं बिलही वेगळंच. त्यासाठी ७० वर्षांपुढच्या सर्वांनी आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवावं. त्यात वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण योजनेतल्या दवाखान्यातच.

डिपॉझिटचाही हिशेब आहे. ३० लाख अडकले, तर ७ टक्क्यांनी महिन्याला साडेसतरा हजारांचं व्याज बुडतं. माणूस गेल्यावर किंवा सोडून गेल्यावर किती कापून, किती दिवसांत परत देणार, हे करारात लिहिलेलं पाहिजे. विकत घेतलेल्या घराची अडचण निराळी. अनेक प्रकल्पांत ठरावीक वयाखालच्यांना राहता येत नाही. वारस पोरगा मालक होतो, पण घर विकेपर्यंत किंवा ज्येष्ठ भाडेकरू मिळेपर्यंत मेंटेनन्स त्यालाच भरावा लागतो.

महारेरानं २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी लिफ्ट, व्हीलचेअर जाईल एवढी रुंद दारं, हाताला धरायचे कठडे यांचे निकष ठरवले. त्यामुळं प्रकल्पाचा महारेरा नंबर संकेतस्थळावर तपासावा. मात्र हे निकष मुख्यतः इमारतीचे आहेत. दरमहा किती घेणार आणि किती वाढवणार, हे करारच ठरवतो. म्हणून सही करण्याआधी करार वकिलाला दाखवावा आणि आधी महिनाभर तिथं राहून बघता येतं का, हेही विचारावं.

‘जमीन पोराच्या नावावर करा, खर्च तो बघेल,’ असंही घरात ठरतं. तसं करायचंच असेल तर सांभाळण्याची अट बक्षीसपत्रात लिहून घ्यावी. अट मोडली, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात ते पत्र रद्द करून मागता येतं. ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन १४५६७ आहे.

वावर एकदा विकलं की परत येत नाही. त्यामुळं घर परवडतं का, यापेक्षा पंधरा वर्षांनंतरचा महिना कोण भरणार, हे कुटुंबानं एकत्र बसून आधी ठरवलेलं बरं.