मोगऱ्याला कळी का येत नाही?



मोगरा हिरवागार आहे पण कळीच नाही, अशी तक्रार करणाऱ्या बाया मला लग्नात, बाजारात, कुठेही भेटतात. मी आधी विचारते, रोज पाणी घालता ना? हो म्हणतात. थंडीतही? हो म्हणतात. तिथेच घोटाळा आहे. तो मीही केलेला आहे, म्हणून सांगते.

आमची चाळ 2019 साली पाडली. सासूबाईंचा मोगरा गॅलरीत तेलाच्या पत्र्याच्या डब्यात होता. गॅलरी पूर्वेची, बारापर्यंत ऊन. आम्ही सासूबाईंना आत्याबाई म्हणतो. मार्च लागला की आत्याबाईंची ओंजळ रोज भरायची आणि बुद्धपौर्णिमेला तर शेजारणींनाही फुले पुरायची. नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर आलो, तेव्हा डबा गंजून फुटला होता. मी हौसेने मोठी कुंडी आणली, खाली बांधकामाशेजारी पडलेली माती भरली, रोज पाणी घातले, चहाचा चोथा घातला. झाड माजले, कळी मात्र नाही. त्यातच काचबिंदूने आत्याबाईंची नजर गेली. रोज सकाळी विचारायच्या, "पोरी, कळी आली का गं?" दुसऱ्या वर्षी त्यांनी विचारणेच सोडून दिले. ते मला फार लागले.

मग एका रोपवाटिकेतल्या जुन्या माळ्याला पानेच नेऊन दाखवली. पाने पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. तो म्हणाला, "ताई, ही माती नाही, सिमेंट आहे." खरेच होते. बांधकामाच्या मातीत चुना-सिमेंट मिसळलेले असते. अशा मातीत झाडाला लोह मिळत नाही. माती बदलली. दोन भाग लाल माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत, एक भाग वाळू. पाने सुधारावीत म्हणून लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस विरघळवून संध्याकाळी फवारले. चहाचा चोथा घालायचाच असेल तर आधी धुऊन घ्या, नाहीतर साखरेला मुंग्या येतात.

दुसरी चूक उन्हाची. मोगऱ्याला रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन लागते. सावलीत तो नुसता पाने काढतो. आमची बाल्कनी उत्तरेची, म्हणून कुंडी झोपायच्या खोलीच्या पश्चिमेकडील ग्रीलमध्ये नेली. ग्रीलमध्ये कुंडी ठेवाल तर तारेने घट्ट बांधा. खाली कुणाचे तरी लेकरू खेळत असते.

आता मुख्य गोष्ट. मोगऱ्याचे फूल नव्या फुटव्यावर येते. जुनी फांदी कितीही जपा, ती फूल देत नाही. म्हणून डिसेंबरपासून पाणी तोडायचे. झाड अगदी मरू द्यायचे नाही, आठवड्यातून एकदा तांब्याभर पुरे. पाने गळतील, घाबरू नका. जानेवारीअखेर धारदार कात्रीने वाळक्या, किडक्या, काडीसारख्या बारीक फांद्या मुळाशी काढायच्या आणि उरलेल्या निम्म्यावर छाटायच्या. माझा हात थरथरत होता. आत्याबाईंना कात्रीचा आवाज ऐकू आला. म्हणाल्या, "झाड मारतेस का काय?" मग स्वतःच आठवून म्हणाल्या, चाळीत शेजारची बकरी दरवर्षी थंडीत डबा खाऊन टाकायची! म्हणजे आमची छाटणी बकरी करत होती आणि आम्ही तिला शिव्या देत होतो.

छाटल्यावर वरची दोन बोटे माती उकरून शेणखत भरावे, मग नेहमीसारखे पाणी सुरू करावे. उन्हाळ्यात रोज घालावे, पण कुंडीत पाणी साचता कामा नये. युरिया मात्र भसाभस टाकू नका, पुन्हा पालाच माजेल. कोवळी कळी जांभळट पडलेली दिसली की आत अळी आहे असे समजा. ती कळी तोडून साबणाच्या पाण्यात बुडवा, झाडाखाली टाकू नका. एक बहर संपला की फुले आलेली शेंडे दोन पेरांवर खुडा, पुन्हा फुटवा येतो.

कळी पहाटे मिटलेली, पांढरी टपोरी असताना तोडावी. ओल्या फडक्यात ठेवली की संध्याकाळी घरात उमलते. त्या वर्षी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पहिल्या सात कळ्या आल्या. मी काही बोलले नाही, वाटीत घालून आत्याबाईंच्या उशाशी ठेवल्या. रात्री दिवा मालवल्यावर आतून हाक आली, "सूनबाई, किती आहेत गं?"

पावसाळ्यात यातलीच एक फांदी वाकवून दाबकलम केले आहे. ते खालच्या मजल्यावर द्यायचे आहे, बकरीच्या मालकिणीला.